ओडिशाचा प्रकल्प: आधी पाणी, मग बाकी सगळं

शाळा सुरू होऊन महिना झाला की आमच्या नवी मुंबईतल्या घणसोलीत पालकांचा एकच प्रश्न सुरू होतो, "बाई, ओडिशाचा चार्ट कुठे मिळेल?" 'एक भारत श्रेष्ठ भारत' उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. त्यामुळे सहावी ते नववीतल्या मुलांच्या वाट्याला ओडिशाचा प्रकल्प कधी ना कधी येतोच. स्टेशनरीच्या दुकानात तयार चित्रं मिळतात. कोणार्कचं चाक, जगन्नाथाचे मोठे डोळे, ओडिसी नर्तकी. रविवारी संध्याकाळी आई कापते, बाबा चिकटवतात आणि सोमवारी वही जमा होते. मुलाला विचारावं, "भुवनेश्वर समुद्रकाठी आहे का रे?" तर मूल आईकडे बघतं.

मी भूगोल शिकवते, आणि हा प्रकल्प मला फार मोलाचा वाटतो. आपल्यासारखाच उष्ण, पावसाचा, भातमासळीचा किनारा, पण देशाच्या दुसऱ्या अंगाला. शेजारी ठेवून बघायला याहून चांगलं राज्य मिळायचं नाही. तर तो कसा करावा, ते सविस्तर लिहिते.

भूगोल, इतिहास, अर्थव्यवस्था असे तीन कप्पे करून माहिती भरायला बसू नका. सुरुवात पाण्यापासून करा. पाऊस कुठून येतो, कुठल्या उतारावरून वाहतो, समुद्राला कुठे मिळतो, हे आधी कागदावर उतरू द्या. लढाया, बंदरं, कारखाने, दुष्काळ हे सगळं त्याच कागदावर आपापली जागा घेतं.

सामान थोडंच लागतं. शालेय ॲटलास, बटर पेपर, आलेख कागद, निळी आणि तपकिरी पेन्सिल. ॲटलासमधला प्राकृतिक नकाशा उघडायचा, राजकीय नव्हे. बटर पेपर त्यावर पिनांनी बसवायचा आणि राज्याची सीमा न काढता आधी नद्या काढायच्या. मुलं हटकून सीमेपासून सुरुवात करतात, त्यांना तेवढं थांबवा. निळी पेन्सिल छत्तीसगडमधल्या सिहावाच्या डोंगरात टेकवायची आणि महानदी काढत यायची. आधी उत्तरेला, मग पूर्वेला वळण, संबळपूरजवळ हिराकूड धरणाचा फुगवटा, मग घाटाच्या खिंडीतून खाली कटक. कटकच्या थोडं अलीकडे नराजला नदी फुटते. एकीच्या दोन, दोनाच्या चार धारा होतात आणि समुद्राशी पोचेपर्यंत कागदावर झाडाच्या मुळांसारखं जाळं दिसायला लागतं. इथे मुलाचा हात आपोआप सावकाश होतो. होऊ द्या. हाच त्रिभुज प्रदेश. महानदीच्या उत्तरेला ब्राह्मणी आणि वैतरणी काढा, त्यांचीही मुखं याच जाळ्यात मिसळतात. मग बुढाबळंग, सुवर्णरेखा. दक्षिणेला ऋषिकुल्या.

वैतरणी म्हटल्यावर आमच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी "ती तर आपली!" म्हणून उठतं. पालघरकडची आपली वैतरणा ती वेगळी. पण उठलेल्या मुलाला तिथेच पकडा आणि पुढचं काम द्या, ते म्हणजे त्याच प्रमाणात आपला कोकण काढायचा. प्रमाण तेच हवं, इथे सवलत नाही. महानदी साधारण साडेआठशे किलोमीटर, उल्हास सव्वाशेच्या आत. दोन्ही कागद शेजारी ठेवले की उल्हास नखाएवढी दिसते. हे असं का, याचं उत्तर मुलाला आलेख कागदावर शोधू द्या. समुद्रापासून डोंगरमाथ्यापर्यंतचा काटछेद, म्हणजे जमीन उभी कापली तर दिसेल ती चढउताराची रेघ, दोन्हीकडचा काढायला लावा. आपल्याकडे खाडी ओलांडली की पारसिकचा डोंगर, पुढे थोड्या सपाटीनंतर थेट सह्याद्रीची भिंत. तिकडे पूर्व घाट तुटक-तुटक आणि समुद्रापासून मागे सरकलेला, त्यातून मोठ्या नद्या आरपार येतात आणि गाळ आणतात. उंचीचा प्रश्नच नाही. कोरापूटमधलं देवमाळी 1,672 मीटर, आपलं कळसूबाई 1,646. फरक आहे तो डोंगर कुठे उभा आहे यात. म्हणून आपल्याला खाड्या मिळाल्या आणि त्यांना गाळाची सपाट जमीन. बालासोर, भद्रक, केंद्रापाडा, जगतसिंगपूर, पुरी, गंजाम हे सहा किनारी जिल्हे आता नकाशात भरा. भुवनेश्वर किनाऱ्यावर नाही, थोडं आत आहे, हे मुलाला कोणी न सांगता दिसेल.

किनाऱ्याची लांबी लिहिताना एक सांभाळा. जुन्या पुस्तकांत सुमारे 480 किलोमीटर सापडेल, अलीकडच्या सरकारी मोजणीत 574. एक चूक आणि एक बरोबर असं नाही. किनारा जितका बारकाईने मोजावा, प्रत्येक वळण आणि खाच धरावी, तितका तो वाढतो. महाराष्ट्राचंही तसंच झालं, 720 पाठ केलेल्यांना आता 877 वाचावं लागतं. म्हणून माझा नियम आहे की प्रकल्पात एकही आकडा वर्षाशिवाय लिहायचा नाही. लोकसंख्या सुमारे 4 कोटी 20 लाख, पण 2011 च्या जनगणनेची. क्षेत्रफळ 1,55,707 चौरस किलोमीटर, जिल्हे 30.

आता पाऊस. हा भाग पावसाळ्यात केला तर उत्तम, कारण पुरावा रोज दारात येऊन पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याला धो-धो पाऊस लागतो तेव्हाच्या बातम्या कापून ठेवा. त्यात पुन्हा पुन्हा एक वाक्य येतं: बंगालच्या उपसागरात ओडिशा किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आहे. तिकडे दाब कमी झाला की इकडे अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे जोरात ओढले जातात, सह्याद्रीला धडकतात आणि ठाणे-कल्याणला रुळांवर पाणी येतं. तीच प्रणाली ओडिशावरून मध्य भारताकडे सरकताना महानदीच्या खोऱ्यात पाऊस पाडत जाते. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर उपग्रहाची चित्रं असतात. सलग तीन-चार दिवसांची चित्रं छापून एका पानावर लावा आणि खाली त्याच दिवसांचा ठाण्याचा पाऊस लिहा. प्रकल्पातलं हे सर्वांत चांगलं पान ठरेल, आणि ते दुकानात मिळत नाही.

चक्रीवादळाला वेगळं पान हवंच, पण मोडक्या घरांचे फोटो चिकटवून नाही. बंगालचा उपसागर उबदार असतो. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदीचं गोडं पाणी वरच्या थरात पसरतं, ते खालच्या गार पाण्यात सहज मिसळत नाही आणि पृष्ठभाग ऊबदारच राहतो. त्यात किनारा सपाट, म्हणून समुद्राची लाट आत मैलोन् मैल शिरते. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात जगतसिंगपूरचा एरसामा भाग अक्षरशः वाहून गेला. राज्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं. किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. 2013 च्या ऑक्टोबरात फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवलेले होते आणि मृतांची संख्या काही दहांत राहिली. 3 मे 2019 ला फनी पुरीला धडकलं, तेव्हा बारा लाख लोक हलवले. मुलाला चक्रीवादळ निवाऱ्याचं चित्र काढायला सांगा. खांबांवर उचललेली इमारत, खालून पाणी निघून जाईल अशी, रुंद जिना किंवा उतार, वर मोठी दालनं. एरवी तिथे शाळा भरते. हे माहीत झाल्यावर माझ्या वर्गातली मुलं आमच्याच शाळेकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात, आणि दिवा-ऐरोलीच्या कोळीवाड्यात मोठी लाट आली तर लोक कुठे जातील, असं विचारतात. तो प्रश्न वहीत लिहून ठेवा.

चिलीका करताना मुलांना आधी ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात न्या. थंडीत भरती-ओहोटीची वेळ बघून जा. चिखलात माना घालून चरणारे रोहित बघितले की चिलीका कळायला अर्धं काम होतं. चिलीका हे आशियातलं सर्वांत मोठं मचूळ पाण्याचं खारकच्छ, म्हणजे नद्यांचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी एकत्र नांदण्याची जागा. 1981 मध्ये भारतातली पहिली रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, जाहीर झाली त्यात चिलीका होतं. आपली ठाणे खाडी त्या यादीत 2022 मध्ये आली. पुढे चिलीकाचं समुद्राकडचं तोंड गाळाने अरुंद होत गेलं, पाण्यातला खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी रोडावली. सप्टेंबर 2000 मध्ये वाळूचा बांध कापून नवं मुख उघडलं. काही वर्षांतच मासळी कित्येक पटींनी वाढली, इरावती डॉल्फिनही सावरले. आमच्या वर्गात आगरी-कोळ्यांची मुलं आहेत. खाडीचं तोंड बुजलं की जाळ्यात काय येतं, हे त्यांना घरी विचारून यायला सांगते, आणि ती माझ्यापेक्षा जास्त माहिती घेऊन येतात. भितरकनिकाचं खारफुटीचं वन आणि गहिरमाथ्याला लाखांनी अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं याच पानात बसतात. तीच कासवं रत्नागिरीतल्या वेळासलाही येतात, फक्त संख्येने फार कमी.

इतिहासाला आता वेगळी वही काढू नका. त्याच नकाशावर तांबड्या शाईने ठिपके द्या. पहिला ठिपका धौली, दया नदीच्या काठी, भुवनेश्वरजवळ. इ.स.पू. 261 च्या सुमारास अशोकाने कलिंग जिंकला. एक लाख मेले आणि दीड लाख माणसं नेली गेली, असं तो आपल्या तेराव्या लेखात स्वतः सांगतो. पण धौलीच्या खडकावर हा तेरावा लेखच नाही. ज्यांची माणसं मेली त्यांच्यासमोर तो कोरलेला नाही. तिथे आणि गंजाममधल्या जौगडला वेगळे दोन लेख आहेत, अधिकाऱ्यांना उद्देशून, सगळी माणसं माझी लेकरं आहेत, त्यांना विनाकारण छळू नका, अशा आशयाचे. मुलांसमोर हे ठेवा आणि असं का केलं असेल, यावर बोलू द्या. त्याच अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यालाही सापडले आहेत, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतात. दोन किनारे, एक राजा. शनिवारी ट्रेनने जाऊन बघून या.

दुसरा ठिपका उदयगिरीची हाथीगुंफा. तिथे कलिंगचा राजा खारवेल कोरून ठेवतो की सातकर्णीची पर्वा न करता त्याने पश्चिमेला सैन्य पाठवलं. हे सातवाहन म्हणजे आपले नाणेघाटवाले. मुरबाडहून वर चढून नाणेघाटाच्या गुंफेत जे लेख दिसतात, ते त्याच घराण्याचे. देशाच्या दोन टोकांना डोंगरातल्या दोन गुंफा आणि एकमेकांची दखल.

मंदिरांवर मुलं आपणहून पानं भरतात, म्हणून मी तिथे थोडक्यात आवरते. पुरीचं जगन्नाथ मंदिर बाराव्या शतकातलं, गंग घराण्याच्या अनंतवर्मन चोडगंगाचं. कोणार्क तेराव्या शतकातलं, पहिल्या नरसिंहदेवाचं. इतकी प्रचंड बांधकामं उभी राहायला धान्याचा साठा आणि हात लागतात, आणि ते त्या गाळाच्या जमिनीने दिले, एवढी जोड मुलाच्या ध्यानात आणून द्या.

कार्तिक पौर्णिमेला ओडिशात लोक केळीच्या सोपटाच्या, कागदाच्या होड्या दिवा लावून पाण्यात सोडतात आणि कटकला महानदीच्या पात्रात बालीयात्रेची जत्रा भरते. बाली, जावा, सुमात्राकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांची ती आठवण. आपली नारळी पौर्णिमा श्रावणात, त्यांची कार्तिकात. का? आपल्याकडे श्रावणात पावसाचा जोर ओसरू लागतो आणि होड्या लोटतात. तिकडे लांबच्या सफरीसाठी ईशान्येचे वारे सुरू व्हावे लागत, आणि ते कार्तिकाच्या सुमारास फिरतात. वाऱ्यांचे बाण नकाशावर काढले की दोन्ही सणांच्या तिथ्या त्यावरच वाचता येतात.

मराठ्यांचा भाग आपल्या मुलांना पुण्याकडून शिकायची सवय असते. इथे नागपूरकडून बघावं लागेल. रघूजी भोसल्यांनी बंगालच्या अलीवर्दीखानाशी 1751 मध्ये केलेल्या तहाने ओडिशाचा किनारी मुलूख नागपूरकरांकडे आला आणि सुवर्णरेखा ही सरहद्द ठरली. 1803 पर्यंत तो त्यांच्याकडे होता. इंग्रजांना तो का हवा होता, हे नकाशाच सांगतो. वर कलकत्ता, खाली मद्रास, दोन्ही त्यांच्या हातात, आणि मधे हा तुकडा मराठ्यांचा. जमिनीवरून फौज न्यायची तर वाट मराठ्यांच्या मुलखातून. म्हणून 1803 च्या युद्धात त्यांनी कटक घेतलं आणि देवगावच्या तहाने तो मुलूख कायमचा गेला.

आता 1866, दुष्काळाचं वर्ष. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातलं हे सर्वांत महत्त्वाचं वर्ष आहे आणि नेमकं तेच चार्टवर नसतं. 1865 ला पाऊस फसला, भात बुडालं. साठे तपासले गेले नाहीत, तांदूळ बाहेर जातच राहिला आणि इंग्रज सरकार धान्य आणायला तयार नव्हतं. व्यापारी आपोआप आणतील, हा त्यांचा सिद्धांत. धान्य मागवलं तोवर पावसाळा तोंडावर आला. खोल, सुरक्षित बंदर नाही. उघड्या किनाऱ्यावर खवळलेल्या समुद्रात गलबतं रिकामी करता येईनात. आत जायचे रस्ते नद्यांच्या त्याच जाळ्याखाली बुडालेले. दहा लाखांच्या आसपास माणसं, म्हणजे तिथल्या दर तिघांतलं एक, उपाशी मेली. आपल्या ठाण्याला 1853 पासून आगगाडी होती. कटकला रेल्वे पोचायला 1890 चं दशक उजाडलं. मुलाने काढलेला निळा नकाशा इथे पुन्हा उघडा आणि त्यावर बोट ठेवून विचारा, तांदूळ कुठून आणला असतास? सातवीतली मुलंसुद्धा या प्रश्नावर गप्प होऊन विचार करतात आणि खरीखुरी उत्तरं देतात.

पुढचं भरभर उरकलं तरी चालेल. ओडिया बोलणारा मुलूख बंगाल, मध्य प्रांत आणि मद्रास यांच्यात विभागलेला होता. मधुसूदन दासांनी 1903 मध्ये उत्कल संमिलनी सुरू केली, आणि 1 एप्रिल 1936 ला भाषेच्या पायावर वेगळा प्रांत झाला. आपला महाराष्ट्र 1960 चा, हे शेजारी लिहा.

अर्थव्यवस्थेसाठी तपकिरी पेन्सिल घ्या. उत्तरेला केओंझर, सुंदरगड इथे लोहखनिज. सुकिंदा खोऱ्यात क्रोमाईट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, देशातलं जवळपास सगळं. तालचेरला कोळसा. दक्षिणेला कोरापूटच्या पठारावर बॉक्साईट. मुलाच्या डब्यातलं स्टेनलेस स्टील क्रोमियमशिवाय होत नाही, एवढं सांगितलं की सुकिंदा विसरत नाही. मग एक कोडं घाला. बॉक्साईट कोरापूटला, त्यापासून ॲल्युमिना करणारा नाल्को या सरकारी कंपनीचा कारखाना तिथेच दामनजोडीला, मग ॲल्युमिनियम काढणारी भट्टी इतक्या लांब अंगुलला का? उत्तर नकाशावर आहे. ॲल्युमिनियमला प्रचंड वीज लागते, वीज कोळशावर, आणि कोळसा अंगुलशेजारी तालचेरला.

बंदरांची तुलना नवी मुंबईच्या मुलांना सोपी जाते. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा त्यांनी पाहिलेल्याच असतात. तिथल्या जेएनपीए बंदरातून कंटेनरमध्ये भरलेला माल जातो, पारादीपमधून सुटा, कोळसा आणि खनिज. पारादीपने 2023-24 मध्ये 14 कोटी 50 लाख टनांहून अधिक माल हाताळला, देशातल्या प्रमुख बंदरांत सर्वाधिक. 1866 ला जिथे बंदर नव्हतं, त्या किनाऱ्यावर 1960 च्या दशकात जमीन खोदून हे बंदर केलं.

यापुढचं पान मी कोणालाही टाळू देत नाही. हिराकूड धरणाचं उद्घाटन 1957 मध्ये झालं. खालच्या गावांचा पूर कमी झाला, शेतीला पाणी मिळालं, आणि लाखाहून अधिक माणसांची घरंदारं पाण्याखाली गेली. नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साईटची खाण होणार होती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. आमच्या शाळेतली निम्मी मुलं प्रकल्पग्रस्तांच्या घरातली आहेत. नवी मुंबई 95 गावांच्या जमिनीवर उभी राहिली. आजोबांना विचारा, मिठागर कुठे होतं, भातखाचर कुठे होतं, मोबदला किती आणि कधी मिळाला. ते उत्तर डाव्या पानावर आणि हिराकूड उजव्या पानावर.

शेवटी एका ओडिया माणसाशी बोला. ते अवघड नाही. केंद्रापाडा जिल्ह्यातले प्लंबर देशभर काम करतात, तुमच्या सोसायटीतही असतील. गेल्या वर्षी आमच्या आठवीतल्या एका मुलीने तिच्या सोसायटीतल्या प्लंबरकाकांना आपला नकाशा दाखवला. त्यांनी खिशातलं पेन काढून ब्राह्मणीची तिने न काढलेली एक धार काढली आणि तिच्या काठावर गावाचा ठिपका दिला. पुरात आधी गुरं कुठे नेतात, भात कुठल्या माळ्यावर चढवतात, शेतात माती साठली की पुढचं पीक कसं येतं, हे तिने हिंदीत ऐकलं आणि मराठीत लिहिलं. विचारायला चार प्रश्न पुरेत: गावाजवळची नदी कुठली, शेतात काय पिकतं, गाव का सोडलं, कुठल्या सणाला परत जाता. फोटो काढायचा तर आधी विचारा. काम चालू असताना अडवू नका, चहाच्या वेळी बोला. नाव छापू नये म्हणाले तर "आमच्या सोसायटीतले काका" एवढंच लिहा.

वही लावताना नद्यांचा नकाशा पहिल्या पानावर, बाकी सगळी पानं त्याला धरून. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात नकाशावरच्या ठिपक्याचा क्रमांक लिहा. कोणार्कचं चाक लावायचं असेल तर जरूर लावा, फक्त त्याचाही ठिपका नकाशावर हवा. मुलाला ज्याचं उत्तर मिळालं नाही ते प्रश्न शेवटच्या पानावर येऊ द्या. ते पान मी आधी वाचते.